एक्केचाळीस अंगठे

पानाला दोन आणे आणि दुपारचं जेवण
एवढ्यावर ठरलं,
आणि मी दापोलीहून खाडी उतरून
फणसळकर खोतांचा अर्ज लिहायला आलो.
खोती मोडायचं बिल येणार होतं म्हणे.

भिकाजीपंत वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो.
तापाच्या साथीत स्वतःच्या हाताने
कुळवाडीत क्विनाइन वाटलं होतं त्याने.
कुत्रं मेलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता.
झोपाळ्यावर बसून तो सांगायचा, मी लिहायचो.
झोपाळा मागे गेला की वाक्य थांबायचं.

"लिहा, ही माणसं मला लेकरांसारखी."
लिहिलं.
"लिहा, वेठ हा परक्यांचा शब्द,
आमच्यात त्याला मदत म्हणतात."
लिहिलं.
खिडकीतून मदत दिसत होती,
धक्क्यावरच्या पडावातून जांभ्याचे चिरे
डोक्यावर घेऊन चढण चढणारी,
चुंबळीखाली मान ताठ,
बोलत नव्हतं कोणी.

तिसऱ्या दिवशी मुलाचं पत्र आलं,
मुंबईत वकिली शिकणाऱ्या.
समुद्रापलीकडे साखरेची बेटं आहेत,
तिथले गुलाम सरकारने सोडवले तेव्हा
डोकी मोजून भरपाई दिली. मालकांना.
तिथल्या मालकांनीही आधी असेच अर्ज लिहिले होते,
माणसं सुखात आहेत, लेकरांसारखी आहेत.
मुलाने त्याखाली रेघ मारली होती,
थट्टेने की आधार म्हणून, कळलं नाही.

पंताने चष्मा काढला. "मालकांना?"
"तसंच लिहिलंय."
"आणि त्यांना?"
मी पत्र उलटून पाहिलं. मागे
आईला नमस्कार होता, आणि पापड पाठवायचे होते.
"त्यांचं काही नाही."
झोपाळा बराच वेळ हलला नाही.
मग पंत म्हणाला,
"असो. सातवं कलम घाला. भरपाई."

आकडा काही ठरेना.
माडाची किंमत धरता येते,
इतकी वर्षं, इतके नारळ.
"धाकू भुवडाचं काय धरायचं?" मी विचारलं.
पंत खरोखर विचारात पडला.
"त्याचा बापही आमच्याकडेच होता," एवढंच म्हणाला.
जागा कोरी सोडली.

शेवटच्या पानावर कुळांचे अंगठे हवे होते,
आम्ही सुखी आहोत, याखाली.
संध्याकाळी अंगणात रांग लागली.
शाईची चिंधी माझ्या हातात.
भागी रेवाळे म्हणाली, "काय लिवलंय, दादा?"
"तुम्ही सुखी आहात म्हणून."
"कोन?"
"तुम्ही."
तिने पदर तोंडाशी नेला. हसली असावी.
"कवापासनं?"
ते कलम अर्जात नव्हतं.
तिने अंगठा दिला आणि शाई
खोताच्या चिऱ्याला पुसली.

धाकू सर्वांत शेवटी. एक्केचाळिसावा.
त्याचा अंगठा मी दाबला, उठला नुसता डाग.
पुन्हा शाई, पुन्हा डाग, गोल, गुळगुळीत,
आत एकही रेघ नाही.
चिऱ्यांनी खाल्ल्या होत्या साऱ्या.
"दुसरा हात बघा," पंत ओसरीवरून म्हणाला.
दुसराही तसाच.
धाकू मात्र ओशाळला होता,
जणू देण्यातलं काही राहून गेलं,
दोन्ही हात धोतराला पुसत
पुन्हा पुन्हा पुढे करत होता.

काळोख पडत आला होता.
तर सुटायची होती, नऊ पानांचे
एक रुपया दोन आणे यायचे होते.
धाकूला म्हटलं, जा तू.
नवा कागद घेतला, चाळीस जणांना परत बोलावलं,
आणि धाकूच्या नावापुढे, कंदील जरा बाजूला सारून,
मी माझा अंगठा उठवला.

पंताने भिंग लावून पान नीट तपासलं,
एकेका नावावर थांबत.
शेवटच्यावर जास्तच थांबला.
"हा बघा," म्हणाला, "हा कसा स्वच्छ आलाय."